केंद्र कुठलं ते नंतर, आधी डॉक्टर कोण ते विचारा

"पेशंटचं वजन किती आहे?"

व्यसनमुक्ती केंद्रात फोन लावल्यावर मला विचारलेला पहिला प्रश्न हा होता. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, मी धनकवडीत मामाच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभा, वरून मामीचा रडण्याचा आवाज येतोय आणि मी मोबाईलवर व्यसनमुक्ती केंद्र पुणे असं टाकून जो पहिला नंबर आला तो लावला. मला वाटलं विचारतील किती वर्षं पितोय, रोज किती लागते, शुगर-बीपी आहे का. तर वजन. मी म्हटलं, कशाला हो, औषधाचा डोस ठरवायला का? पलीकडचा माणूस अगदी सहज म्हणाला, "नाही ओ, किती पोरं पाठवायची त्याचा अंदाज येतो. नव्वदच्या वर असेल तर चार लागतात."

मी फोन ठेवला. आणि मग आम्ही घरच्यांनी जे केलं ते खरं सांगायचं तर त्याहून शहाणपणाचं नव्हतं. आम्ही ठरवलं की केंद्रबिंद्र काही नको, आपणच घरात कोंडून सोडवू. आतल्या खोलीला बाथरूम होतंच, बाहेरून कडी लावली, मामाचा मोबाईल आणि पाकीट काढून घेतलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन आत गेलो तर त्याच्या हातात कपबशी अशी काही खडखड वाजत होती की शेवटी त्यानं बशी खाली ठेवली आणि कप दोन्ही हातांनी धरून प्यायला, तरी अर्धा चहा बनियनवर. घाम असा की उशी ओली. आम्ही म्हटलं, चला, निघतेय अंगातून. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तो भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर एक मुंगी नव्हती. आणि पंधरा मिनिटांत फिट आली. मामी कांदा फोडून आणतेय, शेजारचे काका चप्पल हुंगवा म्हणतायत, मी १०८ ला फोन करतोय.

हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतली होती?" मी म्हटलं, दीड दिवस झाला, आम्हीच बंद केली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, तो लूक मला अजून आठवतो. भांडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "अशी दारू एकदम बंद करत नाहीत. माणूस जातो."

हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथून सुरुवात करतो. केंद्रांची यादी वगैरे पुढे बघू.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू म्हणजे हँडब्रेक ओढून चालवलेली गाडी समजा. दारू मेंदूला मंद करते, तो हँडब्रेक. आता गाडी तर पुढे न्यायचीय, त्यामुळे मेंदू हळूहळू अॅक्सिलेटर जास्त दाबायला शिकतो, म्हणूनच अर्धी बाटली पिऊनही हा माणूस सरळ चालतो आणि आपण म्हणतो काय कपॅसिटी आहे. मग एक दिवस कोणीतरी हँडब्रेक झटकन सोडतं आणि अॅक्सिलेटर मात्र तेवढाच दाबलेला. गाडी उधळणारच. हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं हे शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतं. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत जास्त. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना तो भयंकर प्रकार होतो ज्याला डॉक्टर डीटी म्हणतात, माणूस भ्रमात जातो, नसलेलं दिसतं, आपण कुठे आहोत कळत नाही, ताप, नाडी धावतेय, आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर खरंच जीव जातो. या सगळ्याला विड्रॉवल म्हणतात आणि त्यावर औषधं आहेत, अगदी जुनी, स्वस्त, खात्रीची औषधं. ती डॉक्टर भरपूर डोसनं सुरू करून काही दिवसांत उतरवत आणतात, म्हणजे हँडब्रेक हळूहळू सोडतात.

अजून एक, कारण हे गल्लोगल्ली होतं. माणूस गळाला की आपण जवळच्या दवाखान्यात नेतो आणि म्हणतो डॉक्टर, एक सलाईन लावा. खूप पिणाऱ्यांच्या अंगात बी-१ या जीवनसत्त्वाचा खडखडाट असतो, जेवणच नसतं ना धड. अशा माणसाला बी-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं बी-१ पण संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते, तोल जातो, डोळे फिरतात, आठवण जाते, कधी कधी कायमची. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे नेलंत तरी "हे रोज पितात" हे लाजेनं लपवू नका, दारातच सांगा. मामीनं पहिल्यांदा "ताप आहे" एवढंच सांगितलं होतं, मी मध्ये बोललो म्हणून नाहीतर.

तर मुद्दा हा की आपण "केंद्र शोधतोय" म्हणतो तेव्हा त्यात खरं तर वेगवेगळी कामं गुंतलेली असतात. शरीरातून नशा सुरक्षित उतरवणं, हे आठवडा-दहा दिवसांचं डॉक्टरी काम आहे. मग डोक्यातून ती काढणं, म्हणजे संध्याकाळी सात वाजले की पाय वाईन शॉपकडे का वळतात ते समजून घेणं, हे महिना-दीड महिन्याचं काम, समुपदेशकांचं आणि गटाचं. आणि मग घरी येऊन टिकणं, याला वर्षं लागतात आणि ते कुठल्याच केंद्राच्या भिंतीत होत नाही. फोनवरचा वजनवाला माणूस ही सगळी कामं एकाच पॅकेजमध्ये देतो म्हणत होता, तीन महिने, सहा महिने, "सुधरवून देतो". डॉक्टर कोण विचारलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे.

आणि सगळ्यांना अॅडमिट व्हायला लागतं असंही नाही, हे मला फार उशिरा कळलं. ज्याला आधी कधी फिट आलेली नाही, शरीर बऱ्यापैकी आहे, घरात लक्ष ठेवायला माणूस आहे आणि स्वतःची सोडायची इच्छा आहे, अशा बऱ्याच जणांचं काम मानसोपचारतज्ज्ञाच्या ओपीडीत होतं, गोळ्या, एक-दोन दिवसाआड भेट, बायको किंवा भाऊ गोळ्या हातात ठेवणार. अॅडमिट करायला हवं ते म्हणजे पूर्वी फिट किंवा भ्रम झालेला असेल, लिव्हर-हार्टचं काही असेल, वय जास्त असेल, घरी कोणी नसेल, जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल. हे कोण ठरवणार? डॉक्टर. गुगल नाही, मावसभाऊ नाही, आणि केंद्राच्या फोनवरचा माणूस तर नाहीच नाही, कारण त्याला बेड भरायचेत.

नशा कुठली यावरही बरंच ठरतं. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर किंवा अफूच्या जातीचं काही असेल तर सोडताना हाल कुत्रं खात नाही असे होतात, अंग मोडून येतं, जुलाब, नाकाडोळ्यातून पाणी, पण दारूसारख्या फिट सहसा येत नाहीत. त्यावर ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोनसारखी औषधं देतात, बरेचदा महिनोन्महिने देतात, आणि नातेवाईक म्हणतात ही एक नशा सोडवून दुसरी लावली. तसं नाहीये, मोजून, देखरेखीखाली दिलेलं ते औषध आहे आणि त्यामुळे माणूस कामावर जाऊ शकतो, सुई टोचायचा थांबतो. यात एक जीवघेणी गोष्ट अशी की महिनाभर केंद्रात राहून आलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते, आणि बाहेर आल्यावर त्यानं जुन्या हिशोबानं तेवढाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. सुटून आल्यावरचे पहिले आठवडे म्हणून सगळ्यात धोक्याचे.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ज्याची पुण्यात २०२४ च्या फेब्रुवारीत एवढी चर्चा झाली जेव्हा पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतून मोठ्ठा साठा पकडला, त्याचं वेगळंच. ते उत्तेजक आहे, ते बंद केल्यावर माणूस दोन-दोन दिवस झोपतो आणि मग एकदम खोल उदास होतो, आणि त्या दिवसांत आत्महत्येचे विचार येतात म्हणून लक्ष ठेवायचं. त्याला अजून बदली औषध नाही, समुपदेशनावर आणि उदासीच्या उपचारावरच भर. झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर मात्र दारूसारखंच, एकदम बंद केल्या तर फिट येते, डॉक्टरच उतरवणार. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय गोळ्या घेणारे, त्यात बऱ्याच काकू-मावश्या, आपण व्यसनी आहोत असं त्यांच्या गावीही नसतं.

आता पुण्यात जायचं कुठे.

ज्याच्याकडे पैसा नाही किंवा कुठून सुरू करायचं तेच कळत नाहीये त्यानं सरळ सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची ओपीडी गाठावी. ससूनला आहे, पिंपरीत वायसीएम आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केसपेपर काढायची लाईन मोठी असते, सकाळी लवकर जा, डबा बरोबर घ्या, पण तिथे जो बसलाय तो डिग्रीवाला मानसोपचारतज्ज्ञ आहे हे तरी नक्की असतं. "मनोरुग्णालय" या शब्दाला लोक बिचकतात, मामी पण म्हणाली होती, "वेडा आहे का तो?" वेडा नाही, पण कायद्यानं सुद्धा दारू आणि ड्रग्जच्या त्रासाला मानसिक आजारातच धरलंय, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे, का ते पुढे सांगतो.

आणि पुण्यात बसून मुक्तांगणचं नाव न घेता हा विषय होतच नाही. १९८६ साली २९ ऑगस्टला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. त्या वेळी शहरात गर्दचं लोण पसरलं होतं आणि पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी सुरुवातीला पैसे दिले होते. नंतर स्वतःची इमारत झाली. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये गेल्या, बाबा म्हणजे अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत, आणि काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर बघतात. तिथला कार्यक्रम ३५ दिवसांचा असतो आणि तिथले कितीतरी कार्यकर्ते स्वतः एकेकाळचे पेशंट आहेत. माझ्या मते त्यांनी पुण्याला दिलेली मोठी गोष्ट म्हणजे हा आजार आहे आणि व्यसनी माणसाशी सुद्धा नीट बोलता येतं, ही भाषा. बायकांसाठी त्यांचा निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, आणि व्यसनी माणसांच्या बायकांसाठी सहचरी नावाचा गट. बाई पीत असेल तर आपल्याकडे ती गोष्ट इतकी दाबतात की ती उपचाराला येते तेव्हा बरेचदा लिव्हर गेलेलं असतं, म्हणून हे मुद्दाम लिहितोय, बायकांसाठी सोय आहे.

फोनवरच विचारायचं असेल तर दोन सरकारी नंबर पाठ करून ठेवा. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन, तुमच्या जवळ सरकारी अनुदानावर चालणारं केंद्र कुठे आहे ते इथे विचारायचं. आणि १४४१६ म्हणजे टेलिमानस, मनाच्या आजारांसाठी, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असते. रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये मला हे माहीत असतं तर.

गुगलवर जे वर येतं ते पैसे देऊन वर आलेलं असू शकतं हे तर तुम्हाला माहीतच आहे. मी नंतर एक दिवस बसून आठ-दहा नंबर फिरवले, त्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या केंद्रांवर एकच माणूस बोलला, त्याच "हां बोला साहेब" च्या सुरात. तो एजंट. पेशंट पाठवला की त्याचं कमिशन. एक केंद्र मी जाऊन पण बघितलं, हायवेच्या बाजूला, बाहेरून बंगला. आत एका खोलीत वीसेक माणसं, जमिनीवर गाद्या, सगळ्यांची डोकी तासलेली. मी विचारलं हे काय, तर म्हणे उवा होतात. डॉक्टर कधी येतात विचारलं तर व्यवस्थापकानं दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. मी चहा न घेता निघालो.

आता तो कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चा, २०१८ च्या मे महिन्यापासून लागू. मी वकील नाही, पण घरातल्या माणसाला अॅडमिट करणाऱ्या प्रत्येकाला एवढं तरी माहीत हवं. व्यसनाचे रुग्ण ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते, ट्रस्टचं किंवा सोसायटीचं रजिस्ट्रेशन म्हणजे ती नव्हे, ते दाखवून गंडवतात. रुग्णाचं जबरदस्तीनं मुंडण करायचं नाही असं कायद्यात चक्क लिहिलेलं आहे, म्हणजे ती वीस डोकी म्हणजे वीस गुन्हे की हो. साखळीनं बांधायचं नाही. स्वतःचे कपडे घालू द्यायचे. काम जबरदस्तीनं करून घ्यायचं नाही, आणि केलं तर मोबदला. घरच्यांना भेटायचा, फोनवर बोलायचा हक्क आहे.

मुख्य म्हणजे मर्जी. माणूस स्वतःहून अॅडमिट झाला असेल तर त्याला स्वतःहून जाता येतं, फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. मर्जीविरुद्ध ठेवायचं असेल तर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतोय किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाहीये अशी गंभीर अवस्था हवी, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासलेलं हवं ज्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच, आणि हे सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. शिवाय त्याची खबर मानसिक आरोग्य मंडळाला ७ दिवसांत द्यायची, बाई किंवा अठराच्या आतलं मूल असेल तर ३ दिवसांत. आता मला सांगा, चार पोरं गाडी घेऊन येतात, झोपलेल्या माणसाला उचलतात आणि सहा महिने ठेवतात, यातलं काय बसतं यात? लोक म्हणतात मग काय करणार, तो ऐकतच नाही. कळतं मला, मामीनं पण तेच म्हटलं होतं. पण असा उचलून नेलेला माणूस परत आल्यावर पहिला हिशोब घरच्यांशी चुकता करतो, तो पिऊनच.

ड्रग्जवाल्यांच्या घरी अजून एक भीती असते की दाखवायला नेलं तर पोलीस केस होईल. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे, स्वतः सेवन केल्याचा किंवा अगदी थोडा माल सापडल्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसानं स्वखुशीनं सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, पूर्ण केले, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण आहे. अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. आणि डॉक्टर तुमची माहिती चौकीवर कळवायला बसलेला नाही, गोपनीयता त्याच्यावर बंधनकारक आहे.

बरं, मग फोनवर विचारायचं काय? मी शेवटी वहीत लिहून काढलं होतं, ते गोळाबेरीज असं. तुमचे मानसोपचारतज्ज्ञ कोण, नाव सांगा, आठवड्यातून किती वेळा येतात, अॅडमिट करायच्या दिवशी तपासणार का. रात्री नर्स असते का. रात्री फिट आली तर काय करता आणि कुठल्या हॉस्पिटलला नेता. इथे जो नीट उत्तर देतो, अगदी हॉस्पिटलचं नाव घेऊन, तो खरा, आणि जो म्हणतो "आमच्याकडे असं काही होत नाही" तिथून पळा. नोंदणी क्रमांक. घरच्यांची सेशन्स होतात का. आम्ही कधी भेटू शकतो, पहिला आठवडा भेटू देत नसाल तर फोन तरी होईल का. फीमध्ये औषधं, लॅब धरलीत का वेगळी, मध्येच सोडलं तर पैसे परत किती. सोडल्यानंतर फॉलोअप किती महिने आणि कोण घेतं. आणि जाऊन बघा, शक्यतो न सांगता, दुपारी जेवणाच्या वेळेला. स्वयंपाकघर आणि संडास बघितलं की बाकी बघायची फारशी गरज पडत नाही.

हमखास बरा करतो, शंभर टक्के गॅरंटी, असं जो म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका. तसंच ते "पेशंटला न सांगता जेवणातून द्या" वाल्या पावडरी. मामीनं एक डबी मागवली होती, वरणात घालायची. त्यात काय होतं देव जाणे, पण दारू सोडवायचं डायसल्फिराम म्हणून खरं औषध आहे, ते पोटात असताना दारू घेतली की अंग लाल होतं, छाती धडधडते, उलट्या, बीपी खाली जातं, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. माहीत असलेल्या माणसाला ती भीती उपयोगी पडते, म्हणूनच देतात. न सांगता दिलं आणि तो बाहेर क्वार्टर मारून आला तर तुम्ही त्याला विष घातल्यासारखंच आहे. आता ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेटसारख्या गोळ्याही आहेत, मामाला त्यातलीच एक लागू पडली. त्या डॉक्टर लिव्हरच्या, किडनीच्या तपासण्या बघून ठरवतात.

मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. २०१७ च्या कायद्यानं विम्यात मानसिक आजार धरायला लावले, पण बहुतेक पॉलिसींमध्ये दारू, ड्रग्ज आणि त्यांच्या परिणामांचा उपचार वगळलेला असतो, वगळणुकीच्या यादीत बारावा कोड बघा. आम्ही फिटच्या अॅडमिशनचं बिल टाकलं आणि ते याच कारणानं परत आलं.

एम्सनं केलेला देशभराचा एक सर्व्हे २०१९ मध्ये आला होता. त्यात दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळाल्याचं निघालं, आणि अॅडमिट होऊन उपचार घेतलेला १८० मागे एक. हे वाचल्यावर मला आमच्या मामाचं कौतुकच वाटायला लागलं, ३८ मधला एक तर होता.

तो हॉस्पिटलातून आठ दिवसांनी आला आणि मग स्वतःच्या पायानं एका केंद्रात गेला, महिनाभर राहिला. स्वतःच्या पायानं म्हणजे काय, मी रिक्षात शेजारी बसून, तो दोनदा उतरतो म्हणाला, शंकरशेट रोडवर एकदा खरंच उतरला, उसाचा रस प्यायला आणि परत बसला. बॅगेतून आफ्टरशेव्ह, सेंट आणि खोकल्याचं औषध तिथे दारातच काढून घेतलं, स्पिरिट असतं ना त्यात. त्यातलं काय पितात लोक, तुम्हाला कल्पना नाही.

घरी आल्यावरचं काम मामीचं जास्त होतं, असं मी म्हणणार होतो, पण तिथल्या समुपदेशकानं तिला उलटंच सांगितलं. खिसे तपासू नका, तोंडाचा वास घेऊ नका, त्याच्या ऑफिसात त्याच्या वतीनं खोटे फोन करू नका, तुम्ही तुमचं जेवा, झोपा. तिला हे सगळ्यात अवघड गेलं. मामा गुरुवारी एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जायला लागला, पुण्यात मराठी मीटिंगा बऱ्याच आहेत, फी नाही, आडनाव सांगायचं नाही, कोणी रजिस्टरवर सही मागत नाही. घरच्यांसाठी तसाच अलअॅनॉन नावाचा गट असतो, मामी दोनदा गेली, मग म्हणाली तिथे माझ्याहून जास्त रडणाऱ्या बायका आहेत, आता मी दर आठवड्याला जाणार.

आणि मग चार महिन्यांनी विसर्जनाच्या दिवशी मामानं घेतली. बऱ्याच जणांची गाडी अशी परत घसरते, बीपीचा पेशंट गोळी सोडतो आणि बीपी चढतं, तसंच. पूर्वी यावर घरात महाभारत झालं असतं आणि कोणीतरी परत गुगल उघडलं असतं, दुसरं कडक केंद्र बघा म्हणून. या वेळी मामानंच दुसऱ्या दिवशी सकाळी समुपदेशकाला फोन लावला, स्पीकरवर, मी शेजारीच होतो. "घेतली हो मी," एवढंच म्हणाला. पलीकडून शांतपणे विचारलं, "किती दिवस झाले? शेवटची किती वाजता घेतलीत? गोळी कधीपासून बंद आहे?" मामा म्हणाला, एकच दिवस, काल रात्री दहाला, गोळी पंधरा दिवस झाले मीच थांबवली, म्हटलं आता गरज नाही.

"बरं. हात थरथरतायत का आत्ता? नाही ना. मग अकरा वाजता डॉक्टर आहेत, वहिनींना घेऊन या. आणि येताना काहीतरी खाऊन या."